शब्दचर्चा: रक्त गोठणे, साकळणे, गुठळी होणे

भाषांतरवाली

अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजारावरचं रुग्णांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. यात प्रतिकारयंत्रणा शरीरातल्याच काही प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करते आणि त्यापायी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. पायाच्या शिरेत झाली तर पोटरी सुजून दुखते, मेंदूच्या धमनीत झाली तर तरुण वयात अर्धांगवायू होतो, आणि गरोदर बाईच्या वारेवर परिणाम झाला तर मूल पोटातच दगावतं. लंडनच्या ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये या सगळ्याची सांगड घातली, म्हणून काही ठिकाणी याला ह्यूज सिंड्रोमही म्हणतात.

अडचण शब्दांची आहे. मराठी विश्वकोशात रक्तक्लथन (रक्त गोठणं), अंतर्क्लथन (वाहिनीत जागच्या जागी गुठळी होणं), अंतर्कीलन असे शब्द आहेत. घडण उत्तम आहे. कील म्हणजे खुंटी, तेव्हा दुसरीकडून वाहत येऊन वाहिनीत खुंटीसारखी अडकलेली गुठळी ती अंतर्कीलन. जागच्या जागी झालेली गुठळी आणि वाहत येऊन अडकलेली गुठळी हा भेद जर्मनीतल्या रूडोल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्पष्ट केला, आणि तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे. पण वॉर्डातल्या खाटेवर पत्रक वाचणाऱ्या बाईला अंतर्कीलन म्हणजे काय ते कोण सांगणार?

बोलीत गोठणे, साकळणे, थिजणे, गुठळी, गाठ असे पाच शब्द सापडले. 'गाठ' मी आधीच बाद केलाय. 'फुप्फुसात गाठ आहे' असं ऐकलं की घरचे कॅन्सर समजून रडायला लागतात. उरलेल्यांपैकी कुठला कुठे वापरायचा?

देशावरचा

आमच्याकडे मुका मार लागून कातडीखाली काळंनिळं पडलं की 'रगात साकळलंय' म्हणतात. म्हणजे रक्त वाहिनीबाहेर आलंय आणि तिथेच धरून बसलंय. शिरेच्या आत जे होतं त्याला साकळणं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. काही जण 'साखळणे' लिहितात, त्याने साखळीची आठवण होते. 'साकळणे'च ठेवा. थिजणे तूप-तेलाला शोभतं, रक्ताला नको.

काचनळी

कोअ‍ॅग्युलेशनच्या, म्हणजे रक्त गोठण्याच्या चाचण्यांच्या, टेबलावर काम करते, म्हणून सांगते. आम्ही आपसात 'क्लॉट आला का' असंच म्हणतो, पण रुग्णाशी बोलताना 'गोठणं' चालतं. कापलं, रक्त आलं, थोड्या वेळाने थांबलं, हे गोठणं. ते चांगलं आहे आणि व्हायलाच हवं. वाहिनीच्या आत नको तिथे जे होतं ती गुठळी. पत्रकात हे दोन शब्द वेगळे ठेवलेत तर निम्मं काम झालं.

खरी पंचाईत रिपोर्टवरच्या 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट'ची आहे. अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे गोठू न देणारा, आणि ल्युपस हा प्रतिकारयंत्रणा शरीरावरच उलटण्याचा एक वेगळा आजार. रुग्ण ते वाचतो आणि समजतो की आपलं रक्त गोठत नाही, आपल्याला रक्तस्रावाचा धोका आहे. प्रत्यक्षात धोका गुठळ्यांचा असतो. हे नाव का पडलं ते नळीसमोर उभं राहिल्यावर कळतं. एपीटीटी या गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीत आम्ही रक्तद्रवात (पेशी काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या पातळ भागात) फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ घालतो, कारण गोठण्याच्या पायऱ्या त्याच्या पृष्ठभागावर होतात. रुग्णाची प्रतिपिंडं तो पृष्ठभागच अडवून बसतात, मग नळीतलं रक्त उशिरा गोठतं. निरोगी माणसाचा रक्तद्रव अर्धाअर्धा मिसळला तरी वेळ सुधारत नाही. एखादा गोठणघटक, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, कमी असता तर सुधारला असता. फॉस्फोलिपिड भरपूर वाढवलं की मात्र वेळ पूर्ववत होतो. तेव्हा खात्री पटते.

१९५२ मध्ये अमेरिकेत कॉन्ली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या दोन रुग्णांत असा अडथळा नोंदवला. अशा रुग्णांत उलट गुठळ्याच होतात हे १९६३ मध्ये लिहिलं गेलं. तरीही १९७२ मध्ये 'ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट' हेच नाव पडलं आणि चिकटलं. त्यातला ल्युपसही फसवा, कारण हे प्रतिपिंड असलेल्या कित्येकांना ल्युपस नसतोच. म्हणून याचं शब्दशः मराठी करू नका. 'ल्युपस रक्तगोठणरोधक' असं छापलंत तर मूळ नावातल्या दोन्ही चुका मराठीत येतील.

जाता जाता, याच प्रतिपिंडांसाठी आम्ही जी दुसरी चाचणी लावतो, ती घोणसाच्या विषावर चालते. घोणस चावलेल्या माणसाचं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते बघतात, हे ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्या सगळ्यांना माहीत आहे. ते विष गोठण्यातला दहावा घटक थेट जागा करतं. अंगात गेलं की गोठणघटक संपवून टाकतं आणि रक्त थांबेनासं होतं. तेच अगदी विरळ करून नळीत घातलं की या आजाराचं निदान होतं.

भाषांतरवाली

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. मग असं करते: रिपोर्टवरचं नाव देवनागरीत जसंच्या तसं ठेवते, म्हणजे रुग्णाला कागदाशी ताडून बघता येईल. लगेच खाली लिहिते, 'हा प्रतिपिंड चाचणीच्या नळीत रक्त उशिरा गोठवतो, पण शरीरात गुठळ्या व्हायला कारण होतो.'

रातराणी

माझ्या जावेला हा आजार आहे. तीनदा दिवस राहिले आणि तिन्ही वेळा गेले, तेव्हा घरात 'अंगात उष्णता आहे, गर्भ टिकत नाही' असंच बोललं गेलं. पत्रकात ठळक लिहा की दोष त्या बाईचा नाही, तिच्या खाण्यापिण्याचा नाही आणि कामाचाही नाही.

अजून एक. गरोदरपणात व्हीडीआरएल ही सिफिलिससाठीची प्राथमिक रक्तचाचणी करतात, तिची पॉझिटिव्ह आली होती. कुणीतरी 'गुप्तरोगाची तपासणी' असं भाषांतर करून सांगितलं आणि घरात जे झालं ते लिहवत नाही. पुढची टीपीएचए ही सिफिलिसची खात्रीची चाचणी निगेटिव्ह आली, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काचनळी

हे पत्रकात यायलाच हवं. व्हीडीआरएल सिफिलिसच्या जंतूवर थेट बोट ठेवत नाही. तिच्या द्रावणात कार्डिओलिपिन नावाचं फॉस्फोलिपिड असतं, जे पहिल्यांदा बैलाच्या हृदयातून वेगळं काढलं गेलं, म्हणून नावात कार्डिओ. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं त्यालाही चिकटतात आणि जंतू नसताना चाचणी पॉझिटिव्ह येते. 'गुप्तरोगाची तपासणी' असं एकट्याने कधीच लिहू नका. 'ही प्राथमिक चाचणी आहे, या आजारात ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, खात्रीची चाचणी वेगळी असते' एवढं सगळं हवं.

ओपीडी

डॉक्टर आहे, रोज हेच समजावतो. दोन शब्दांबद्दल आग्रहाने लिहितो.

पहिला, 'रक्त पातळ करायची गोळी'. वॉर्फरिन, अ‍ॅस्पिरिन, रिव्हारोक्साबान या सगळ्यांना मराठीत हे एकच नाव पडलंय. यातल्या कशानेही रक्त पातळ होत नाही, त्याचा दाटपणा आहे तेवढाच राहतो. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू देत नाही. वॉर्फरिन यकृतात के जीवनसत्त्वाचा वापर अडवतं, म्हणून काही गोठणघटक अर्धवट तयार होतात. नाव एक झाल्यामुळे लोकांना वाटतं की गोळ्याही एकमेकींच्या जागी चालतात. इटलीत एका अभ्यासात या आजाराच्या रुग्णांवर वॉर्फरिन आणि रिव्हारोक्साबान यांची तुलना केली, या आजारासाठी ज्या तीन प्रतिपिंडचाचण्या करतात त्या तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर. रिव्हारोक्साबान घेणाऱ्यांना जास्त गुठळ्या होऊ लागल्या म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. २०१८ मध्ये तो छापून आला. सारखी रक्ततपासणी नको म्हणून स्वतःहून गोळी बदलणारा माणूस समोर बसला की मला या शब्दाचा राग येतो. 'गुठळी रोखणारं औषध' लिहा, आणि प्रत्येक औषधाचं नाव स्वतंत्र द्या.

शिवाय 'रक्त पातळ आहे' याचा अर्थ खेड्यात अंगात रक्त कमी असणं असाही घेतात. मग बाई गोळी बंद करून बीट-डाळिंब खाऊ लागते.

दुसरा शब्द 'ऑटोइम्यून'. 'स्वप्रतिकार' लिहिलं की स्वसंरक्षणासारखं चांगलं काहीतरी वाटतं. 'आत्मप्रतिरक्षा' पुस्तकात ठीक आहे. मी ओपीडीत सांगतो, 'तुमची प्रतिकारयंत्रणा तुमच्यावरच उलटलीय, कुंपणच शेत खातंय.' लगेच कळतं. हे नीट कळलं नाही तर लोक प्रतिकारशक्ती वाढवायचे काढे सुरू करतात.

प्लेटलेटचंही बघा. डेंग्यूमुळे 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' हे वाक्य घराघरांत पोचलंय, बोलणाऱ्याच्या मनात असतात प्लेटलेट. पांढऱ्या पेशी वेगळ्या, संसर्गाशी लढणाऱ्या. कोशातला 'बिंबिका' गोड आहे, पण रुजलेला नाही. 'प्लेटलेट'च लिहा. या आजारात त्या थोड्या कमी असूनही गुठळ्या होतात, त्यामुळे 'प्लेटलेट कमी म्हणजे फक्त रक्तस्राव' हा समजही पत्रकात खोडून काढा.

देशावरचा

डॉक्टर, प्लेटलेट कमी होण्याचा तो आयटीपी नावाचा आजार यातलाच का?

ओपीडी

नातेवाईक म्हणा. तिथे प्रतिपिंडं थेट प्लेटलेटवरच जातात आणि त्रास मुख्यतः रक्तस्रावाचा होतो. त्याच्या नावाची गोष्ट तुमच्या चर्चेत बसेल. आयटीपीतल्या आय या अक्षराचा अर्थ आधी 'कारण न कळलेला' असा होता. १९५० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा एका रुग्णाचं रक्त स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरल्या. प्लेटलेट मारणारं काहीतरी रक्तद्रवातच आहे हे त्यातून दिसलं. पुढे २००९ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकमताने आय म्हणजे 'इम्यून' असं ठरवलं. अक्षर तेच राहिलं, अर्थ बदलला. मराठीत अजून 'अज्ञात कारणाने' असंच लिहिलेलं दिसतं, ते आता बदलायला हवं.

भाषांतरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंत ठरलं ते असं: रक्त थांबण्याच्या नैसर्गिक क्रियेला गोठणे, वाहिनीतल्या विकृतीला गुठळी, कातडीखालच्या डागाला साकळणे. अंतर्कीलनाच्या जागी 'सरकून अडकलेली गुठळी'. औषधाला 'गुठळी रोखणारं'.

रातराणीताई, तुमच्यासाठी एक स्वतंत्र परिच्छेद घालते आहे: 'वारंवार गर्भपात होण्यामागे हा आजार असू शकतो. निदान झाल्यावर गरोदरपणात अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आणि पोटावर घ्यायचं हेपारिन या गुठळी रोखणाऱ्या औषधाचं इंजेक्शन सुरू केलं, तर बहुतेक बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात.' इथे वॉर्फरिन चालत नाही, त्याने गर्भाला अपाय होऊ शकतो, हेही त्यातच. 'गर्भ टिकत नाही' हा शब्दप्रयोग कुठेही येणार नाही.

काचनळी

एक राहिलं. 'पॉझिटिव्ह' शब्द एकटा सोडू नका. साध्या तापानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात आणि निघून जातात. म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात आणि तेव्हाही आली तरच ती धरतात. 'प्रतिपिंड सापडला, १२ आठवड्यांनी पुन्हा तपासायचा आहे' असं लिहा. आणि ते तारखेसाठी मोकळी जागा ठेवून छापा, म्हणजे आम्हाला पेनाने तारीख घालता येईल.