'डेली' म्हणजे नक्की कसलं दुकान?

प्रश्न : न्यूयॉर्कवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'ज्यूइश डेली' वारंवार येतं. नुसतं 'डेली' लिहिलं तर वाचकाला 'डेली नीड्स'चं दुकान वाटेल. 'यहुदी खानावळ' चालेल का?

प्रतिसाद : खानावळ नको. डेली हे मुळात दुकान. बसून खाण्याची सोय नंतर आली. पहिल्यांदा पूर्ण 'डेलिकटेसन' लिहा, पुढे 'डेली'. शब्द जर्मन, अर्थ निवडक चविष्ट पदार्थ. जर्मन स्थलांतरितांबरोबर तो अमेरिकेत गेला आणि पूर्व युरोपातून आलेल्या यिद्दिश (तिथल्या ज्यूंची जर्मनशी नातं असलेली भाषा) बोलणाऱ्या ज्यूंनी आपलासा केला.

एक खुबी अनुवादात जपायला हवी. कोशर, म्हणजे ज्यूंच्या धार्मिक आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. म्हणून डेलीत मांस, तर मासे, क्रीम चीज वगैरे 'ॲपेटायझिंग' म्हणवणाऱ्या वेगळ्या दुकानात. न्यूयॉर्कच्या हाउस्टन स्ट्रीटवर दोन्ही प्रकारची दुकानं आजही आहेत : स्थापना १८८८ची सांगणारं 'काट्झ' आणि १९१४चं 'रस अँड डॉटर्स'. मात्र काट्झ आता कोशर नाही, तिथे मांसावर चीज घातलेलं रूबेन सँडविचही मिळतं. अशा ठिकाणांना 'कोशर-स्टाइल' म्हणतात. तिथे 'कोशर' लिहिलंत तर अर्थच उलटेल.

डेलीत मिळणाऱ्या पास्त्रामीला 'खारवलेलं मांस' एवढंच म्हणू नका. ते खारवतात, मिरी-धने चोळून धुरी देतात, मग वाफवतात. रुमानियातले ज्यू ती हंसाच्या मांसाची करत. अमेरिकेत गोमांस स्वस्त पडलं, तेच रूढ झालं.

दुसरा प्रतिसाद : 'यहुदी जेवण' असंही सरसकट नको. आपल्या कोकणातले बेने इस्रायलीही मांस-दूध वेगळं ठेवतात, म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. पण पास्त्रामीशी त्यांच्या स्वयंपाकाचा काही संबंध नाही. डेली ही अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची परंपरा. मराठी बोलणारे ज्यू असताना मराठी अनुवादात तरी हा फरक पुसला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ती : पटलं. आणि 'लॉक्स'?

प्रतिसाद : मूळ अर्थ मिठात मुरवलेला सॅमन, धुरी न दिलेला. हल्ली धुरी दिलेल्यालाही सर्रास लॉक्स म्हणतात, तेव्हा संदर्भ बघून ठरवा. फक्त 'रावस' लिहू नका. रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणत असले तरी तो मासा पूर्ण वेगळा.