इंदूर घराणं कुठून आलं, आणि मारव्याची एलपी मुलांना कशी ऐकवावी?

राजवाडा_श्रोता

इंदुरात गाणं शिकणाऱ्या बारा-पंधरा मुलांसाठी श्रवणाची बैठक ठरते आहे. उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी (जास्त वेळ वाजणारी तबकडी) लावायची आहे, तीही मूळ तबकडीवरून. जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. इंदूर घराणं म्हणजे एकाच माणसाची गायकी, की तिच्यामागे या शहराचंही काही आहे? आणि साठ वर्षं उलटली तरी ही एक तबकडी सगळ्यांच्या बोलण्यात का येते? मुलांनी नेमकं काय ऐकावं, आणि जुनी तबकडी लावताना काय सांभाळावं, तेही सांगा.

जुनी_बैठक

घडवली एकाच माणसाने, पण माल इंदूर-देवासच्या आसपासचाच. खाँसाहेबांचे वडील शहामीर खाँ होळकर दरबारात सारंगी वाजवत आणि त्यांची तालीम भेंडीबाजार घराण्याची. मेरुखंडाचं, म्हणजे स्वरांचे क्रम बदलत रचना करण्याच्या रीतीचं, बीज तिथलं. तुकोजीराव होळकरांच्या काळात (1903 ते 1926) दरबारात बुंदू खाँसारखे सारंगिये होते, डागरांचं ध्रुपद होतं. शेजारी देवासला रजब अली खाँ होते. त्यांची वळणावळणाची, मध्येच स्वर ओलांडून झेप घेणारी तान खाँसाहेबांनी उचलली. विलंबिताचा (संथ लयीच्या गाण्याचा) ठहराव आणि झुमरा ताल आला किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँकडून, आणि सरगमेची रीत भेंडीबाजारच्या अमान अली खाँकडून. वडील सोडले तर यातल्या कुणाचाही गंडा बांधून (रीतसर शिष्य होऊन) वर्षानुवर्षं तालीम घेतली असं नाही. ऐकून, पारखून, पचवून घेतलेलं आहे. म्हणूनच याला घराणं म्हणावं का, हा वाद टिकून आहे. माझ्या मते म्हणावं. पं. अमरनाथ आणि सिंह बंधूंपर्यंत गायकी पोचली, आणि तंतुवाद्यांत निखिल बॅनर्जींच्या सतारीवरही तिचा ठसा आहे.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. मेरुखंड म्हणजे सात स्वरांच्या 5040 रचना पाठ करणं नव्हे. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त हा हिशेब खंडमेरू म्हणून आहे. तीन स्वरांपासून सुरुवात करा: निरेग, रेनिग, निगरे, गनिरे, रेगनि, गरेनि. तिनाचे सहा, चाराचे चोवीस, पाचाचे एकशेवीस. पण हा कच्चा माल. यातल्या कुठल्या रचना रागात बसतात, हे रागाचं चलन (स्वरांची ठरलेली चाल) ठरवतं. ती चाळणी न लावता सगळे क्रम ओळीने म्हटले तर पाढे ऐकू येतात, राग दिसत नाही. नवशिक्यांचं घोडं बहुतेक इथेच अडतं.

झुमरा14

तबकडीच्या प्रभावाबद्दल. 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. त्यात बंदिश, चार ताना आणि समाप्ती, एवढंच बसे. बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, बसत नसे. एलपीच्या एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा झाली. 1960च्या या एलपीत खाँसाहेबांनी ती जागा तानांनी भरली नाही. मंद्र सप्तकात थांबून, एकेक स्वर उजळत नेत वापरली. आधी ज्यासाठी मैफिलीतच बसावं लागे ते आता घरी पुन्हा पुन्हा सुई ठेवून अभ्यासता येऊ लागलं, हे या तबकडीचं खरं काम.

मुलांना आधी ठेका पक्का करून द्या, नाहीतर वीस मिनिटं धुक्यात जातील. झुमरा 14 मात्रांचा, 3-4-3-4:

धिं ऽधा तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट । तिं ऽता तिरकिट । धिं धिं धागे तिरकिट

तिरकिट तिसऱ्या, सातव्या, दहाव्या आणि चौदाव्या मात्रेवर, म्हणजे प्रत्येक विभागाच्या शेवटी. आठवीला ‘तिं’ ऐकू आलं की ती खाली (टाळी न देण्याची मात्रा), तिथून सात मात्रांनी सम (आवर्तनाची पहिली मात्रा). लय इतकी संथ आहे की मुलं मात्रेच्या आतला भरणा मोजतात आणि दुप्पट मोजून बसतात. म्हणून पहिल्या खेपेला फक्त तबला ऐकवा आणि दोन समांमधलं अंतर घड्याळावर मोजायला लावा.

मग राग. मारव्यात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. पूरिया आणि सोहनीचेही हेच स्वर. मारव्यात रिषभ-धैवत प्रबळ असतात आणि षड्ज टाळत टाळत घेतला जातो. पूरियाचा भर गंधार-निषादावर. ‘पिया मोरे अनत देस’ चालू असताना षड्ज किती उशिरा येतो, यावर कान ठेवा. पुढे द्रुतात ‘गुरु बिन ज्ञान न पावे’ आहे. सरगम येते तेव्हा ती मेरुखंडाच्या हिशेबाने ऐका, बोटांवर मोजू नका. आणि बैठक सूर्यास्ताच्या सुमारासच ठेवा.

तबकडी_आणि_सुई

लेबलवरची अक्षरं आधी पाहा. ईएएलपी असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. मोनो तबकडी स्टिरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) वाजवली तरी चालते, पण दोन्ही चॅनेल एकत्र करा. खरखरीचा बराच भाग उभ्या हालचालीतून येतो, तो असा कटतो. 78 ची सुई चुकूनही लावू नका. तिचं टोक साधारण 75 मायक्रॉनचं असतं, एलपीच्या खाचेला 25 किंवा त्याहून बारीक लागतं. जाड सुई तळापर्यंत जात नाही, खाचेच्या कडा कुरतडते. सुईचा दाब कार्ट्रिजच्या सूचनेप्रमाणे ठेवा. बहुतेक चुंबकीय कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम पुरतो. जुन्या पेटीवजा प्लेयरमध्ये तो कितीतरी जास्त असतो, त्यावर ही तबकडी लावूच नका.

पावसाळ्यात बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ मायक्रोफायबर कापड घ्या, खाचेच्या दिशेने गोलाकार पुसा. लेबलला पाणी लागू देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचा वेग. पट्टा सैल झाला की तबकडी मंद फिरते आणि सूर उतरतो. तीन टक्के फरक म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. मुलं तानपुरा लावून ऐकणार असतील तर तो बसणारच नाही, आणि दोष गायकाच्या सुराला जाईल. 50 हर्ट्झच्या विजेसाठी 180 रेघांची स्ट्रोब चकती घ्या. 33⅓ वेग बरोबर असेल तर रेघा स्थिर दिसतात. हे साध्या बल्बखाली किंवा ट्यूबलाइटखाली पाहा, कित्येक एलईडी दिव्यांत लुकलुक नसल्याने काहीच कळत नाही. बैठकीआधी एकदा तबकडी संगणकावर 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवून ठेवा, सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या खाली ठेवून. मग मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवताना मूळ तबकडी झिजणार नाही.

जुनी_बैठक

झुमरा14, प्रभावाचं सगळं श्रेय एलपीला देऊ नका. आकाशवाणी आणि मैफिलींनी ही गायकी आधीच पसरवली होती. 1952च्या ‘बैजू बावरा’मुळे तर गाणं न कळणाऱ्यांपर्यंतही हा आवाज पोचला होता.

झुमरा14

पोचला, मान्य. पण ऐकलेलं विसरतं. विलंबिताची बढत ताडून पाहायची तर तोच आलाप दहादा ऐकता यायला हवा. ती सोय तबकडीने दिली.

राजवाडा_श्रोता

खूप आभार. तानपुऱ्याची पहिली तार मारव्यासाठी कशात लावायची? मोबाइलवरचा तानपुरा पंचमात आहे.

झुमरा14

पंचम काढा. पंचम वर्ज्य आणि मध्यम तीव्र, म्हणून पहिली तार मंद्र शुद्ध निषादात लावा. काही जण धैवतात लावतात. पंचम घुमत राहिला तर मुलांचा धैवत त्याच्याकडे ओढला जातो आणि मारवा सुटतो. आणि षड्जाची पट्टी आधी तबकडीवरून घ्या, मग तानपुरा त्या पट्टीला मिळवा.