मंडळाच्या वर्गणीतून उमेदवाराचा फ्लेक्स लावता येतो का?

सोलापुरात साखर पेठेत राहतो. महापालिकेला उभ्या असलेल्या आमच्या ताईंसाठी मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स छापायला दिलाय, दहा बाय आठचा. ताईंना विचारलेलंच नाही. खजिनदार मी. वर्गणीच्या वहीत विडी वळणाऱ्या बायकांचे वीस-वीस रुपये लिहिलेत. मला हे पटत नाही, पण नियम काय आहे?

उत्तर १ : आधी छपाई थांबवा. भारतीय न्याय संहितेचं कलम १७६ वाचा. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी सभा, जाहिरात, पत्रकावर खर्च केला तर १०,००० रुपयांपर्यंत दंड. पूर्वी जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १७१-एचमध्ये हाच दंड ५०० रुपयांपर्यंत होता. नंतर मंजुरी घेण्याची सवलत आहे, पण ती फक्त १० रुपयांपर्यंतच्या खर्चाला! महापालिकेची निवडणूकही यात येते.

उत्तर २ : दादा, मी फ्लेक्सच छापतो. उमेदवाराचं पत्र आणि खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव असल्याशिवाय निवडणुकीचं काम मशीनवर घेत नाही. परवानगी दिली की खर्च ताईंच्या हिशेबात धरला जाणार, म्हणून आधी त्यांना विचारा.

प्रश्नकर्ता : आत्ताच ताईंकडे जाऊन आलो. त्या नको म्हणाल्या. ऑर्डर रद्द केली, ॲडव्हान्स परत मिळाला, वहीत जमा करून टाकला.