मदत हवी आहे: वॉलमार्टच्या स्प्लिटचा हिशेब

वॉलमार्टचा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) १९७० चा, भाव साडेसोळा डॉलर. तेव्हाचे १०० शेअर आज किती झाले असते, हे वहीत मांडत बसलोय. १९७१ ते १९९९ मध्ये स्प्लिट, म्हणजे शेअरची विभागणी, एकाचे दोन असं ११ वेळा, म्हणजे २,०४,८००. मग जवळजवळ २५ वर्षं सामसूम! फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाचे तीन, म्हणजे ६,१४,४००. इथवर बरोबर ना?

घोडं अडलंय भावापाशी. तेव्हाच्या १०० शेअरच्या १,६५० डॉलरला ६,१४,४०० ने भागलं की शेअरमागे पाव सेंटाहून जरासं जास्त येतं. पण जुन्या भावांच्या तक्त्यात स्प्लिट धरून दिलेल्या भावाशेजारी ‘अ‍ॅडजस्टेड क्लोज’चा (जुळवून घेतलेल्या बंद भावाचा) रकाना आहे, तो आणखी खाली. त्यात लाभांशही वजा असतो का? मग परताव्यासाठी कुठला रकाना धरू? लाभांश वेगळा मिळवला तर तो दोनदा मोजला जाईल का?