मदत हवी आहे: शाळा समितीचा अध्यक्ष झालोय, ग्रामसभेत पाण्याचा विषय कसा काढू?

कोरडवाहू:

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा नुसता वाचतो. आज अडलंय म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

गाव घाटावरचं, मतदार सोळाशेच्या आसपास. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, पट ४३, शिक्षक दोन. माझी थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. यंदा, जून २०२५ च्या पालकसभेत शाळा व्यवस्थापन समिती नव्याने निवडायची होती. अध्यक्ष कोण म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले. मी चुकून वर बघितलं. झालो अध्यक्ष.

आठवडाभरात सरांनी एका पोराच्या हाती इतिवृत्ताची वही घरी पाठवली. पान कोरं, खाली नऊ जणांच्या सह्या आधीच झालेल्या. निरोप असा, की बैठक झाली असं समजा, मजकूर मी सावकाश लिहितो. सर वाईट नाहीत हो. सात वर्ग दोघांनी ओढायचे आणि वर रोज कुठली तरी माहिती ऑनलाइन भरायची. पण मी सही न करता वही परत पाठवली. तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात.

खरं दुखणं मुलींच्या शौचालयाचं. बांधलेलं आहे, फरशी आहे, दारावर वेणीवाल्या मुलीचं चित्रसुद्धा आहे. दाराला कुलूप आणि किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला, कारण आत पाणी नाही. नळ आहे बरं का, जलजीवनचा. गावाला पाणी सुटतं सकाळी सहा ते पावणेसात आणि शाळा उघडते दहाला. टाकी भरायला त्या वेळी तिथे कुणी नसतं. भरली तरी उपयोग नाही, बुडाशी चीर गेलीय. माझी लेक सकाळी पाण्याची बाटली भरून नेते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते. विचारलं तर म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना." बायकोला हे वर्षभर माहीत होतं. मला आत्ता कळलं.

आता ग्रामपंचायत. सरपंच थेट जनतेतून निवडून आलेले, एका पॅनेलचे. नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या पॅनेलचे. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीपासून मासिक सभेत दोघांचं एकाच गोष्टीवर जमलं, गावाच्या वेशीवर कमान बांधायची. भांडण फक्त तिच्यावर नाव कुणाचं यावर आहे. आणखी एक एकमत म्हणजे इंग्रजी शाळेची पांढरी व्हॅन. साडेसातला येते, त्यात दोन्ही पॅनेलची पोरं मांडीला मांडी लावून बसतात. त्यामुळे आमच्या शाळेच्या टाकीची चीर कुणाच्याच घरात पोचत नाही. जिल्हा परिषदेकडे जावं तर तिथे मार्च २०२२ पासून आज २०२५ पर्यंत प्रशासकच. आमच्या गटाचा सदस्यच नाही, दाद मागायची कुणाकडे?

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून 'कमान राहू द्या, शाळेला पाणी द्या' असं म्हणायचं मनात आहे. म्हटलं की मी सरपंचांच्या विरोधी गटात गेलो असा अर्थ निघणार. भावकीचं तर सुरूच झालंय, तू कशाला वाईटपणा घेतोस म्हणून. समितीला नेमके अधिकार तरी काय आहेत? अनुभवी मंडळींनी सांगावं.

खडूफळा:

केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालोय, तेव्हा दोन्हीकडचं बघितलंय. सही केली नाहीत ते बरोबर. पण सरांना तोडू नका, तुमचं निम्मं काम त्यांच्याच हातून होणार आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ वाचा. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात. मुख्याध्यापक सचिव असतात, मालक नव्हे. कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा समितीने करायचा असतो. तुमच्या शाळेतही तो असेलच, बहुधा गेल्या वर्षीचाच, तारीख बदललेला. महिन्याची बैठक खरोखर घ्या, तासाभराची. आणि इतिवृत्त तुम्ही स्वतः लिहा. सरांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरेल आणि अबोलाही सुटेल, बघा.

पैशाचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. ३१ ते १०० पट असेल तर वर्षाला २५ हजारांपर्यंत, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च व्हायला हवेत. येतं मात्र उशिरा, कधी कधी मार्चच्या तोंडावर, आणि वीजबिलातच निम्मं जातं. त्याचा हिशोब समितीसमोर मांडायला सांगा, पण चोर पकडल्याच्या आवाजात नको.

चावडीवरचा:

मी दोनदा सदस्य होतो. एक सांगतो कोरडवाहू दादा, कमानीच्या वाट्याला जाऊ नका.

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीकडे दोन कप्प्यांत येतो. ६० टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच, त्यातला निम्मा स्वच्छतेला आणि निम्मा पाण्याला. ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. बंधित पैशातून कमान होऊच शकत नाही, आणि तुमची टाकी त्याच पैशात बसते. म्हणजे कमान आणि टाकी यांचा एकमेकींशी संबंधच नाही. तुम्ही उगाच सवती लावून देताय. सभेत कमानीला हवं तर टाळ्या वाजवा आणि मग विचारा, बंधितमधले किती शिल्लक आहेत? त्या प्रश्नाला पॅनेल नसतं.

त्याआधी ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर जा. जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आराखडा दिसतो, कोणत्या कामावर किती खर्च झाला तेही दिसतं. लॉगिन लागत नाही. आणि घाई करा, या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचाच.

तिसरीची_आई:

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे ते. हे कुणी सांगत नाही कारण बहुतेक गावांत ती वहीतच होते. आमच्याकडे शिपाई दारोदार सह्या घेत फिरायचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही हटून बसलो, समाजमंदिरात सतरंज्या टाका, आम्ही येतो. चाळीसेक जणी आल्या.

तुमचा विषय तिथे काढा, म्हणजे वहिनींना काढू द्या. पुरुषांच्या सभेत मुलींच्या शौचालयाचं बोलणं निघालं की सगळे पंख्याकडे बघतात, पुढचा विषय घ्या म्हणतात. आणि हो, 'शौचालय दुरुस्ती' असे शब्द वापरू नका. ती भरलेली बाटली सांगा. माझ्या मुलीला पाणी न पिण्यामुळे लघवीचा त्रास होऊन दवाखाना झालाय. तिथे बसलेल्या निम्म्या बायकांना हे आतून माहीत असेल.

रोखठोक:

सगळे टाकीचं बोलताय, पण शाळा राहणार आहे का? सहावी-सातवीला किती मुलं आहेत? १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या) शासन निर्णयात सहावीपासून पुढच्या गटाला वीसपेक्षा कमी पट असेल तर शिक्षक शून्य. २०२३ च्या सप्टेंबरात वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं देऊन. धोरण कुठे चाललंय ते दिसतंय. टाकी बसेपर्यंत तुमच्या लेकीला दुसऱ्या गावी चालत जावं लागेल. राग मानू नका.

कोरडवाहू:

राग कसला. सहावी-सातवी मिळून १४ आहेत, आणि हीच भीती रोज पोटात घेऊन फिरतोय. पण पहिली ते पाचवीची २९ पोरं आहेतच की. आणि व्हॅनकडे गेलेल्या चार पालकांना मी विचारलं, का काढलं? इंग्रजी हे कारण एकाने दिलं. बाकी तिघींनी, हो, आयांनीच, सांगितलं की मुलीला दिवसभर जाता येत नाही. पट कमी म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून पट कमी. कुठून तरी धागा ओढायला लागेल ना?

खडूफळा:

३० सप्टेंबरचा पट धरतात. त्याच्या आत कुलूप निघालं तर त्या तिघींकडे पुन्हा जा. एवढंच म्हणतो.

कोरडवाहू:

मंडळी, चार दिवसांनी येतोय. चावडीवरचा दादा, तुमच्या पाया पडायला हवं.

ई-ग्रामस्वराज उघडलं. २०२४-२५ च्या आराखड्यात 'जि. प. शाळा पाणी साठवण टाकी व नळजोडणी' हे काम आहे. मंजूर. खर्च शून्य. यंदाच्या आराखड्यात तेच काम पुन्हा, शब्दही तेच. म्हणजे मी ज्याच्यासाठी भांडायला कंबर कसत होतो ते गेल्या वर्षीच्या आराखड्यातच पास होऊन बसलंय, दोन्ही पॅनेलांच्या सहीने, आणि गावात कुणाला पत्ता नाही.

मग कार्यालयात जाऊन महिला सभेची वही बघायला मागितली. काढली बिचाऱ्यांनी. त्यात याच कामाच्या ठरावाखाली सह्यांमध्ये आमच्या घरची सही! घरी येऊन विचारलं. ती म्हणाली, "हात कणकेचे होते, शिपाई म्हणाला कसली तरी यादी आहे, मी केली." मी सरांच्या कोऱ्या पानावर सही केली नाही म्हणून गावभर ताठ मानेने फिरत होतो. तर हे.

आता मागू काय? मंजुरी तर आहे.

चावडीवरचा:

छान झालं! आता मागणी करायची नाही, तारीख विचारायची. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (आपला ग्रामसेवकच, नवीन नाव) लेखी अर्ज द्या. आराखड्यातलं काम अमुक, वर्ष अमुक, खर्च निरंक, काम कधी सुरू होणार ते ग्रामसभेत सांगावं. सोबत समितीचा ठराव जोडा, खऱ्या बैठकीतला. पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. सभेत एकच वाक्य बोला, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली बसा. लांब भाषण केलंत की कुणीतरी कमान काढणारच. नंतर इतिवृत्ताची प्रत मिळेना तर माहितीचा अधिकार आहे, दहा रुपये आणि तीस दिवस.

मासिक सभेत सहा विरुद्ध सरपंच असा खेळ होईल, तो त्यांचा त्यांना करू द्या. मंजूर पैसा खर्च न होता परत जाण्याची भीती दोघांनाही सारखीच असते.

तिसरीची_आई:

वहिनींना सांगा, या वेळी हात धुऊन सही करा. आणि वाचून.

कोरडवाहू:

सांगितलं, हसली. महिला सभा १३ तारखेला शाळेच्या व्हरांड्यातच लावायचं ठरलंय, म्हणजे सगळ्यांना ते कुलूपही दिसेल. जागा सरांनीच सुचवली. इतिवृत्त मी लिहिलं त्या दिवसापासून माणूस बदललाय, काल चहा पाजला.

तोवर तात्पुरतं असं केलंय. गावाला पाणी सोडणारा माझ्याच वर्गातला. शाळेच्या फाटकाची एक किल्ली त्याच्याकडे दिली. तो सहाला येऊन दोनशे लिटरचा ड्रम भरतो आणि पुढे जातो. सोमवारी कुलूप काढलं, आत बादली आणि मग्गा ठेवला.

बाटली मात्र अजून भरलेलीच परत येतेय. काल पुन्हा विचारलं. म्हणाली, "आतून कडी लागत नाही."

कडी कोणत्या निधीतून बसते?

चावडीवरचा:

दादा, कडी तुम्हीच विकत आणा. आजच.