स्वस्तातलं बोलिंग: ग्राफिक्स सोडा, तेल बघा

ग्राफिक्स भिकार असतात म्हणून स्वस्तातले बोलिंगचे व्हिडिओ गेम घेऊच नयेत, असं काहींचं मत असतं, ते मला काही पटलं नाही. बोलिंगला लागतं काय? 60 फुटांची लेन (बॉल सोडायची लांब पट्टी), 10 पिना आणि एक बॉल. फुटबॉलसारखी 22 खेळाडूंना अक्कल द्यायची भानगड नाही, त्यामुळे छोट्या टीमला सगळा जीव पिना पडण्याच्या फिजिक्समध्ये ओतता येतो. ते जमलं की मागचे प्रेक्षक पुठ्ठ्याचे दिसले तरी चालतं (दिसतातच!). 2006 च्या वी स्पोर्ट्समधलं (निन्टेंडोचा, हातातला रिमोट हलवून खेळायचा गेम) बोलिंगही दिसायला साधंच होतं, पण मनगटाला पीळ दिला की बॉल वळायचा.

मी घेताना एकच बघतो, लेनवरच्या तेलाचा हिशेब ठेवलाय का. खऱ्या लेनला तेल लावलेलं असतं; तेलाच्या भागात बॉल घसरत जातो आणि शेवटच्या कोरड्या पट्ट्यात पकड घेऊन वळतो. हे नसेल तर एकदा सापडलेली जागा धरून स्ट्राइकवर स्ट्राइक (एका फेकीत सगळ्या पिना) पडतात, सलग 12 मारून 300 गुण, म्हणजे पूर्ण स्कोअर, झाले की गेम डिलीट. तेल असेल तर खेळता खेळता ते सरकतं, उभं राहायची जागा बदलावी लागते. असा गेम स्वस्तात मिळत असेल तर मी तरी ग्राफिक्सकडे ढुंकूनही बघणार नाही.