बैलगाडा शर्यत: कायद्याचा प्रश्न सुटला, बैलाचा?

रानवाट:
सर्वोच्च न्यायालयाची २०१४ ची बंदी, २०१७ ची राज्याची कायदादुरुस्ती, न्यायालयाचीच डिसेंबर २०२१ ची परवानगी आणि १८ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल. शर्यत आता कायदेशीर आहे, तरी माझा विरोध कायम आहे. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी (एका गाड्याची धाव) सुटण्याआधी बैलाकडे नीट बघा. धरायला चार-चार माणसं, डोळे विस्फारलेले, तोंडाला फेस. बैल ओढकामाचं जनावर, त्याची ठेवण पळण्याची नाही, हे २०१४ च्या निकालातच म्हटलंय. तो भीतीपोटी पळतो.

गाडामालक_खेड:
ताई, आमच्या गोठ्यात या. पोरांच्या आधी बैलाला दूध, वर उडीद, अंडी. ट्रॅक्टर आल्यापासून नांगराला बैल कोण ठेवतो? खिल्लार जातीचा खोंड आज जगतो तो ‘नंबरात येईल’ या आशेवर. शर्यत बंद करा, पुढच्या पिढीला खिल्लार फोटोतच दाखवावा लागेल. आणि शहरातल्या दुधासाठी जन्मलेल्या जर्सी गोऱ्ह्यांचं काय होतं, ते कुणी विचारतं का?

रानवाट:
दादा, गोऱ्ह्यांचा मुद्दा खरा आहे, दूध पिणाऱ्या प्रत्येकाला तो लागू होतो, मलाही. पण दूध-अंडी पळणाऱ्या बैलाला. जो पळत नाही, किंवा पाय मोडून बसतो, त्याचं काय? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हणजे तो एक तर दावणीला उपाशी, नाहीतर रस्त्यावर मोकाट. ज्याचा जीव जिंकण्यावर टांगलेला, त्याला लाडका कसं म्हणायचं?

गुरांचा_डॉक्टर:
नियम कडक आहेत: अंतर हजार मीटरच्या आत, काठी, चाबूक, बॅटरीचा शॉक बंद, मोडल्यास ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. पण बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला आम्ही देतो शर्यतीआधी. बारी झाल्यावर शेपटीचं हाड कुणी चाचपत नाही. पळवण्यासाठी पिरगाळलेली शेपटी हाताला लगेच कळते. ती तपासणी सक्तीची करा, दोषी गाडा वर्षभर बाद करा.

गाडामालक_खेड:
डॉक्टरसाहेब, हे मान्य. आमच्यातच काहीजण शेपटी चावतात, त्यांच्यापायी सगळ्यांचं नाव खराब होतं. पण म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा खर्च बक्षिसाच्या रकमेतून राखून ठेवा, असं आयोजकांना कोण सांगणार?

रानवाट:
तुम्ही गाडामालकांनीच सांगायला हवं. माझा शर्यतीला विरोध राहील, पण या मागणीच्या अर्जावर पहिली सही मी करेन.